वाटीला आलेलं काळं

रोह्याच्या पुढं कोकण रेल्वेचे रूळ पडत होते, त्या सालची ही गोष्ट. वडखळच्या खाली, खाडीच्या अंगाला मिठागरं आहेत. त्यातल्या एका आगरावर धोंडुबाईचं बिऱ्हाड असायचं. पाऊस सरून मिठाचा हंगाम लागला की गावातल्या घराला कुलूप घालायचं, कोंबड्या शेजारी द्यायच्या आणि पुढचा पाऊस तोंडावर येईपर्यंत आगरावरच्या खोपटात राहायचं. खोपटात माणसं चार. धोंडुबाई, तिचा लेक हिरामण, सून शकू आणि शकूची पाच वर्षांची पोर मृणाली. हे नाव शकूच्या भावानं ठेवलेलं. धोंडुबाईच्या जिभेवर ते काही बसलं नाही. ती पोरीला मिनी म्हणायची, मग सगळेच मिनी म्हणायला लागले.

मिनीला ताप भरला होता. पहिल्यांदा आला तेव्हा उन्हाचा असेल म्हणून कोणी मनावर घेतलं नाही. आगरावर ऊन वरूनही लागतं आणि मिठावरून उलटून खालूनही लागतं, पोरांची अंगं तापायचीच. पण हा ताप हटेना. सकाळी जरा उतार पडायचा, पोर पेज मागायची, घरात सगळ्यांना हायसं वाटायचं. मग दुपार कलली की तिचे दात वाजायला लागायचे. घरातल्या सगळ्या गोधड्या अंगावर टाकल्या तरी ती इतकी थडथडायची की पाठीमागचा कूड हलायचा. थंडी गेली की अंग भाजायला लागायचं. असं करता करता आठवडा सरत आला. पोरीचे गाल बसले, डोळे मोठे दिसायला लागले.

ताप काढायला धोंडुबाईपाशी काशाची वाटी होती. तिच्या आईची. घासून घासून काठ पातळ झालेला, पाठ गुळगुळीत. आजाऱ्याच्या तळपायाला खोबरेल लावायचं आणि वाटीची पाठ गोल गोल फिरवायची. फिरवता फिरवता तळपाय काळा पडतो, वाटीही काळी पडते. ते काळं म्हणजे अंगातली कडकी, उष्णता. फडक्यानं पुसायचं, पुन्हा तेल, पुन्हा वाटी. जितकं काळं निघेल तितका ताप बाहेर आला. शेवटी तळपाय गार लागले की समजायचं, ताप पायावाटे गेला. आसपासच्या आगरांवरची माणसं पोरं काखेला मारून धोंडुबाईकडे यायची. ती कोणाला नाही म्हणायची नाही आणि कोणाकडून काही घ्यायचीही नाही. शेजारच्या खोपटातल्या बायजाबाईचा विशाल लहानपणी असाच तापला होता, त्याला या वाटीनंच उठवलं असं बायजाबाई येणाऱ्या जाणाऱ्याला सांगायची. विशाल आता मिशा फुटलेला गडी झाला होता. तो समोरून गेला की धोंडुबाईला आपली वाटी चालत चाललीय असं वाटायचं.

शकू मात्र निडीची, तिकडच्या भातशेतीवाल्या गावची. तिच्या माहेरी वाटी नव्हती. तिचा भाऊ जितेश रोह्याला कंपनीत शिफ्टवर जायचा. मागच्या दिवाळीला त्यानं बहिणीला ताप मोजायचं थर्मामीटर दिलं होतं. पारा लाल खुणेच्या वर गेला आणि तिथंच बसला, तर घरी थांबायचं नाही, दवाखाना गाठायचा, एवढंच सांगून. शकू ते ट्रंकेत लुगड्याच्या घडीत ठेवायची. धोंडुबाईला त्या काचेच्या नळीचा राग होता. ती म्हणायची, "तिला ना तोंड ना डोळे, तिला पोरीचं काय कळायचं?"

त्या दिवशी अमावस्या होती. अमावस्येला खाडीला उधाण येतं आणि ते भर दुपारी चढतं, हे तिथं पोरांनाही ठाऊक. खोपटापासून डांबरी सडकेपर्यंत जायला खाडीच्या कडेचा मातीचा बांध, तेवढी एकच वाट. वाटेत उघाडीपाशी, म्हणजे जिथनं भरतीचं पाणी आगरात घ्यायचं त्या फळीच्या दारापाशी, बांध खचून बुटका झाला होता. उधाण चढलं की तिथनं जाणं येणं बंद. शिवाय त्या साली खेकड्यांनी बांधात बिळं फार केली होती.

सकाळीच शकू म्हणाली, "आई, आज हिला पेणला नेऊ. पानी चढायच्या आत बांध वलांडला तर जमंल."

धोंडुबाई पोरीच्या पायथ्याशी बसून वाटी फिरवत होती. तिनं वर बघितलं नाही. "रात्रभर जागून कडकी वडून काढलीय मी. आता उन्हातनं नेऊन परत तापव तिला."

"पर उतरत नाय ना ताप."

"नाय कसा? हात लाव. पायाला लाव."

शकूनं हात लावला. पाय गार होते. बोटं तर ओल्या मातीसारखी गार. धोंडुबाईचा चेहरा खुलला. सबंध आठवड्यात ती पहिल्यांदा हसली. दारात बायजाबाई उभी होती, तिला तिनं हाक मारली. "ये गो बायजा, बघ. सुटली पोर."

बायजाबाईनं पाय चाचपले आणि कपाळाला हात लावून वाटीला नमस्कार केला. "माझ्या विशालचं असंच झालं होतं. आदी पाय गार, मग पोर झोपलं."

शकूनं ट्रंकेतनं थर्मामीटर काढलं, पोरीच्या काखेत धरलं, थांबली आणि उजेडाला नेऊन बघितलं. पारा लाल खूण मागं टाकून पार वर गेला होता. इतका वर तो याआधी कधी गेला नव्हता. तिनं पोरीच्या पोटावर हात ठेवला आणि चटका बसल्यासारखा काढला.

"आई, पोट भाजतंय हिचं."

"भाजंलच. ताप डोक्यातनं छातीत येतो, छातीतनं पायात, पायातनं भायेर. पाय गार झाले म्हंजे दार उघडून तो गेला. आता घर गार व्हायला वेळ लागनार का नाय? चूल विझली म्हनून तवा काय लगेच गार होतो?"

"टोपाचा कान गार लागला म्हनून आतला भात गार नसतो, आई."

बायजाबाईनं पदर तोंडाला लावला. "निडीवाल्यांना दुसरं काय सुचनार? जिथं तिथं भात!"

हिरामण दारात फावडं घेऊन उभा होता. शकूनं त्याच्याकडे बघितलं. त्यानं आईकडे बघितलं. मग पोरीचे पाय हातात घेतले, गार लागले, तसे हळूच खाली ठेवले.

"आये म्हनते तर आजचा दिस ऱ्हाऊंदे," तो म्हणाला. "उघाडीपाशी मानसं कमी हायत. बांध फुटला तर सगळ्यांचं मीठ जाईल. सांजला पानी उतरलं की बघू." आणि तो गेला.

हंड्यात गोडं पाणी तळाला गेलं होतं. आगरावर जिकडं बघावं तिकडं पाणी, पण पोरीच्या कपाळावर घडी ठेवायला त्यातला एक थेंब कामाचा नाही. खाऱ्या पाण्याची घडी सुकली की कातडीवर मीठ उरतं आणि आग होते. शकूनं राहिलेल्या पाण्यात फडकं भिजवून पोरीच्या कपाळावर ठेवलं, रिकामा हंडा उचलला आणि सडकेजवळच्या नळाकडं निघाली. जाता जाता म्हणाली, "मी येस्तवर तिला पानी पाजत ऱ्हावा. झोपू देऊ नका."

"झोपू देऊ नका म्हनं," धोंडुबाई तिच्या पाठीमागं पुटपुटली. "झोप लागली तर बरंच हाय."

खोपटात आता धोंडुबाई, बायजाबाई आणि पोर. बाहेर मिठाचे ढीग इतके पांढरे तळपत होते की दाराकडं बघवत नव्हतं. वारा पडला होता. एरवी बगळे उघाडीपाशी सारखे भांडायचे, आज त्यांचाही आवाज नव्हता. पोर गप्प होती. आठवडाभर ती रडायची, आजे पाणी दे म्हणायची, गोधडी लाथाडायची. आता ती पेंढ्याच्या छपराकडं बघत पडली होती आणि उजव्या हातानं गोधडीवरनं काहीतरी वेचत होती. गोधडीवर काही नव्हतं.

"काय वेचतेस गो बाय?" धोंडुबाईनं विचारलं.

मिनीनं तिच्याकडं मान वळवली. ओळखीचं काही डोळ्यांत आलं नाही. परत छपराकडं बघायला लागली.

"उतार पडला की पोरं असं करतात," बायजाबाई म्हणाली. पण ती उठून पायथ्याकडनं जरा लांब बसली.

धोंडुबाईची एक पद्धत होती. ताप गेला की शेवटचा एक हात फिरवायचा. वाटी कोरडी निघाली की राखेनं घासून, उपडी करून फळीवर ठेवायची. तिनं पोरीच्या तळपायाला तेल लावलं आणि वाटी फिरवली. दोनचार वेळा फिरवली नाही तोच काळं आलं. नेहमीइतकंच, दाट. तिनं पुसलं. परत फिरवली. परत काळं.

ती थांबली.

"काय झालं?" बायजाबाईनं विचारलं.

"ताप गेला ना?" धोंडुबाईनं उलट विचारलं.

"गेला की. पाय गार हायत."

"मग हे कशाचं येतंय?"

धोंडुबाईनं वाटी वळवून बघितली. इतक्या वर्षांत तिनं ही वाटी किती पायांना लावली असेल, पण ते सगळे पाय तापलेल्या माणसांचे. धडधाकट माणसाच्या पायाला वाटी लावायचं कारणच नव्हतं. तिच्या आईनंही लावली नसणार. तिनं आपला पाय पुढं घेतला. आयुष्य मिठात गेलेला पाय, टाचेला भेगा. तेलाचं बोट ओढलं आणि वाटी फिरवली. वाटी काळी आली.

"तुझ्याबी अंगात कडकी असंल गो," बायजाबाई घाईनं म्हणाली. "आठवडा झाला चुलीपाशी जागतीस."

"पाय इकडं कर."

"माझा? नको गो. गुदगुल्या होतात मला."

"पाय इकडं कर, बायजा."

बायजाबाईनं पाय पुढं केला आणि वाटी लागताच हसायला लागली. हसता हसता तिचं लक्ष वाटीकडं गेलं. काळं आलं होतं. पोरीच्या पायाचं जसं, तसंच. तिचं हसू तोंडावरच राहिलं.

"म्हंजे मलाबी ताप हाय?"

"तुला काय ताप नाय," धोंडुबाई म्हणाली. तिचा आवाज तिलाच परका वाटला. "वाटीचं काळं हाय ते. वाटीचं."

तिनं वाटी खाली ठेवली आणि पोरीचे पाय दोन्ही हातांत धरले. मघाशी या गारव्यानं तिला हसू आलं होतं. आता तोच गारवा तिच्या तळहातांतून वर चढत गेला आणि तिला आठवलं, तो तिनं आधीही एकदा धरला होता. नवरा गेला तेव्हा. नेण्याआधी त्याच्या पायाचे अंगठे सुतळीनं बांधताना. पोरीच्या बोटांची नखं तिनं उजेडाकडं करून बघितली. ती निळसर झाली होती.

"मिने," तिनं हाक मारली. "मिने! आजेकडं बघ."

पोर गोधडीवरनं वेचत राहिली.

धोंडुबाईनं तिला उचललं. पोट आणि छाती निखाऱ्यासारखी तिच्या अंगाला लागली आणि पाय गार काठ्यांसारखे लोंबले. बायजाबाई मागनं ओरडली, "अगो, कुठं? पानी चढलंय!" जे हाताला लागलं ते गाठोड्यात कोंबून तीही मागनं पळत निघाली.

बांधावर पाणी एका बाजूनं काठोकाठ आलं होतं. खाडी फुगून गढूळ झाली होती, आणि ती जराही आवाज करत नव्हती. दुसऱ्या बाजूला, खाली, आगरातलं पांढरं मीठ. मधल्या मातीच्या पट्टीवरनं म्हातारी नातीला छातीशी धरून चालली होती. पायाखालची माती मऊ लागत होती. खेकड्यांच्या बिळांतनं बारीक बारीक धारा आत उतरत होत्या.

समोरनं शकू येत होती. डोक्यावर हंडा. तिनं सासूला बघितलं, पोर बघितली आणि हंडा तिथंच बांधावर टाकून दिला. काय झालं म्हणून तिनं विचारलं नाही.

"तू म्हनत होतीस ते खरं," धोंडुबाई म्हणाली. "घे हिला."

उघाडीपाशी माणसं ओरडत होती. बुटक्या जागेवर बांधाला खांड पडली होती. शकू ओलांडून आली तेव्हा ती हातभर होती, आता माणूस आडवा झोपेल एवढी रुंद झाली होती आणि पाणी तिच्यातनं आगरात घुसत होतं. हिरामण आणि आणखी तिघं कंबरभर पाण्यात उभे राहून चिखलाची ढेकळं आणि पेंढ्याचे भारे टाकत होते. हिरामणनं स्वतःची पाठ खांडीला लावली होती. तो हलला असता तर बाकीच्यांनी टाकलेलं सगळं वाहून गेलं असतं.

"हिरामणा!" धोंडुबाई काठावरनं ओरडली. "पोरीला पल्याड ने!"

"आये, आता? हितनं हललो तर..."

"जाऊंदे मीठ."

"सगळ्यांचं जाईल," दुसरा एक गडी ओरडला. "म्हातारे, पाय गार झाले, पोर सुटली, असं तूच सांगत होतीस ना? हिरामण सकाळपासनं तेच सांगतोय आमाला."

"चुकले मी," धोंडुबाई म्हणाली. मग आणखी मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "चुकले! पोर मरतेय माझी!"

हिरामणनं आईचं तोंड बघितलं. असं तोंड त्यानं तिचं कधी बघितलं नव्हतं. तो खांडीतनं बाजूला झाला. त्याच्या पाठीमागची माती लगेच सरकली आणि पाणी गर्जना करत आत शिरलं. त्यानं पोरीला खांद्यावर घेतलं, दोन्ही हातांनी वर उचलून धरलं आणि खांडीत उतरला. पाणी त्याच्या छातीला लागलं. शकू त्याच्या सदऱ्याला धरून मागं, तिच्या पदराला धरून धोंडुबाई. एकदा म्हातारीचे पाय सुटले. शकूनं मागं न बघता तिचं मनगट धरलं आणि ओढलं.

पलीकडं चढल्यावर कोणी मागं वळलं नाही. मागं काय चाललंय ते आवाजावरनं कळत होतं. बायजाबाई अलीकडंच राहिली होती. तिनं गाठोडं पल्याड फेकलं, ते चिखलात पडलं, धोंडुबाईनं उचललं.

सडकेवर मीठ भरायला आलेला ट्रक उभा होता. ड्रायव्हरनं पोरीकडं एकदा बघितलं आणि पुढचा दरवाजा उघडला. वडखळचा नाका मागं पडला. पेण येईपर्यंत शकू एकसारखी पोरीच्या कानात बोलत होती. मामा येणार, निडीला जायचं, गाईला वासरू झालंय. पोरीचे डोळे उघडे होते, पण वासराचं नाव काढल्यावरही ती हलली नाही. मग एका वळणावर तिचं अंग ताठलं, दातखीळ बसली आणि हात आखडून थरथरायला लागले. ड्रायव्हरनं गाडी आणखी दामटली.

पेणच्या दवाखान्यात डॉक्टरीण होती. तिनं पोरीला कुशीवर वळवलं, सुई टोचली, नर्सला दोनतीन गोष्टी भराभर सांगितल्या. आखडलेले हात सैल पडले. मग तिनं तळपायांना हात लावला आणि विचारलं, "पाय कधीपासून गार आहेत?"

शकूनं सासूकडं बघितलं नाही. ती खाली बघत राहिली. उत्तर द्यायचं धोंडुबाईवर आलं.

"सकाळपासनं," धोंडुबाई म्हणाली. "मला वाटलं, ताप उतरला."

डॉक्टरीण रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "अंग तापलेलं आणि हातपाय गार, म्हणजे ताप उतरला नाही, आजी. रक्त हातापायांत पोचत नाहीये. त्यातनं पोर ओळख देत नसेल, तर एक घटकाही घरी थांबायचं नाही." रक्ताची तपासणी झाली. हिवताप निघाला, आणि तो डोक्यापर्यंत गेलेला. सलाईन लागली, औषध चढायला लागलं. "आता आजचा दिवस जाऊ दे," डॉक्टरीण म्हणाली.

हिरामण बाहेर भिंतीला टेकून उभा होता, अंगावर खाडीचा चिखल सुकून पांढरा पडलेला. शकू पोरीच्या उशाशी. धोंडुबाई पायथ्याशी खाली फरशीवर बसली, तिच्या नेहमीच्या जागी, आणि तिनं ते दोन पाय हातांत घेतले. तळव्यांना अजून सकाळचं काळं होतं. नर्सनं पुसलं होतं, पण रेघांत बसलेलं निघालं नव्हतं.

शेजारच्या खाटेवर रोह्याकडची एक बाई नातवाला घेऊन बसली होती. धोंडुबाईचं गाठोडं सुटून वाटी बाहेर आली होती, बायजाबाईनं कोंबलेली. बाईनं ती बघितली आणि पुढं झुकून हळूच विचारलं, "काशाची हाय का गो? जरा दे की. डॉक्टरला दिसनार नाय असं घासते. ह्याचा ताप हटतच नाय."

धोंडुबाईनं वाटी उचलून गाठोड्यात खाली, अगदी तळाला, सारली.

"पेज पाजायची हाय ती," ती म्हणाली. "बाकी कशाची नाय."

बाई रुसून मागं सरली. धोंडुबाईनं परत पाय धरले. आठवडाभर ती हे पाय गार व्हायची वाट बघत बसली होती, आता ऊन व्हायची वाट बघत होती. खिडकीतलं ऊन फरशीवरनं सरकत भिंतीपाशी गेलं. सलाईनचा थेंब पडायचा, थांबायचा, पडायचा. बऱ्याच वेळानं तिला वाटलं, तळव्यांत जराशी ऊब आलीय. तिनं पाय सोडले, परत धरले. ऊब होती. पण ती पोरीची, का इतका वेळ धरून बसलेल्या आपल्याच हातांची, ते तिला कळेना. या हातांनी तिनं जन्मभर दुसऱ्यांचे ताप सांगितले होते.

"शकू," तिनं हाक मारली. "तू हात लाव गो. माझ्या हाताचा भरवसा नाय आता."

शकू उठून पायथ्याशी आली. तिनं आपला हात आधी पदराला पुसला, मग पोरीच्या पायावर ठेवला. ठेवून बराच वेळ उभी राहिली. हिरामण दारात येऊन थांबला.

"गार हायत, आई," शकू म्हणाली. मग हात न काढता, "पर मघासारखे नाय."

धोंडुबाईनं सरकून सुनेला आपल्या जागी बसायला जागा करून दिली.